वीज आली, सर्व्हर उठले, क्लस्टर मात्र उठेना

टेमघरच्या माणसाला पाण्याच्या शटडाऊनची नोटीस तोंडपाठ असते. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचे, टेमघरच्या केंद्रात शुद्ध करायचे आणि भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरकडे पाठवायचे, हे स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचे काम. दुरुस्तीसाठी ते बंद राहिले की नोटिशीच्या शेवटी एक ओळ हमखास असते: पुरवठा सुरू झाल्यावर पुढील एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल. पंप चालू झाला म्हणजे नळाला पाणी आले असे नाही, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दहा मिनिटांत नळ वाहिला नाही म्हणून कोणी पंप बंद करून परत चालू करा असे म्हणत नाही.

सर्व्हरच्या बाबतीत मात्र नेमके तेच चालते. आपण स्वतः करत नसलो तरी आपण बसवलेले सॉफ्टवेअर आपल्या वतीने ते इमानेइतबारे करत असते. डेटाबेस उठायला पाच मिनिटे लागणार असतात, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याला दीड मिनिटाचाच धीर असतो. दीड मिनिट झाले की तो डेटाबेसला मारतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सकाळी माणूस येऊन पाहतो तेव्हा सगळे दिवे हिरवे असतात आणि काम काहीच चालत नसते.

ज्यांच्या गळ्यात असा दोन-तीन सर्व्हरचा क्लस्टर पडला आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, माणकोली, वळ, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांत मालाची आवक-जावक नोंदवणारे सॉफ्टवेअर, एखाद्या रुग्णालयातली केस पेपरची यंत्रणा, पतपेढीचे हिशेब, सुताच्या सायझिंगच्या ऑफिसातली बिले. ठाण्याचा नाहीतर पुण्याचा व्हेंडर येतो, क्लस्टर उभा करतो, एक नोड बंद करून दुसरा काम उचलतो हे सर्वांसमोर दाखवतो, बिल पास होते. त्या प्रात्यक्षिकात खोटे काही नसते. फक्त त्यात एक नोड जिवंत असतो, स्टोरेज चालू असते, नेटवर्क चालू असते. जून महिन्यात पहिला मोठा पाऊस येतो, वीज जाते, यूपीएस दमतो आणि सगळेच एकदम झोपते, तेव्हा उठताना विचारायला जागा असलेला एकही जण शिल्लक नसतो. हा वेगळा प्रसंग आहे आणि त्याची तयारीही वेगळी करावी लागते.

असे होत नाही असे म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग एकदम अंधारात गेला. मूळ होते आपल्याच भिवंडी तालुक्यातून जाणाऱ्या कळवा-पडघे या ४०० केव्हीच्या वाहिनीवर. एक सर्किट देखभालीसाठी बंद होते, भार दुसऱ्यावर होता, तेही गेले. वीज परत आणताना रेल्वे आणि रुग्णालये आधी घेतली आणि बाकीचे टप्प्याटप्प्याने. आपल्या सर्व्हरच्या कपाटात मात्र वीज येते ती सगळ्यांना एकाच क्षणी.

पहिली दहा मिनिटे

नेहमी दिसणारा एक प्रसंग घेऊ. दोन सर्व्हर, एक सामायिक स्टोरेज, एक स्विच. रात्री वीज गेली, जनरेटर चालू करायला कोणी नव्हते, पहाटे वीज आली. पुढे काय होते ते मिनिटामिनिटाने पाहण्यासारखे आहे.

स्विचला स्वतःचे सॉफ्टवेअर चढवायला दोन-तीन मिनिटे लागतात. स्टोरेजच्या डब्याला डिस्का फिरवून, कंट्रोलर तपासून तयार व्हायला सहा-सात मिनिटे लागू शकतात. सर्व्हर आपली मेमरी तपासत बसतो. मेमरी जितकी जास्त तितका वेळ जास्त. भरपूर मेमरीचा सर्व्हर लिनक्सची पहिली ओळ दाखवण्याआधीच चार-पाच मिनिटे खातो. दोन्ही सर्व्हर एकाच कंपनीचे असले तरी एकात नंतर मेमरी वाढवलेली असते, म्हणून ते बरोबर उठत नाहीत.

समजा दुसरा नोड आधी उठला. त्याचे नेटवर्क कार्ड जागे झाले, स्विचवरचा दिवा लागला. तरी लगेच काही जात नाही. स्विचवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू असेल तर नव्याने लागलेले पोर्ट १५ सेकंद नुसते ऐकते, १५ सेकंद शिकते आणि मगच वाहतूक सोडते. या ३० सेकंदांत क्लस्टरचे सॉफ्टवेअर सुरू होऊन जाते. त्यातला कोरोसिंक शेजाऱ्याला हाक मारतो. जुन्या आवृत्तीत तो १ सेकंद वाट पाहतो, नव्यात ३ सेकंद. उत्तर येत नाही. तो ठरवतो की पहिला नोड मेला. त्याला खात्रीने मेलेला ठेवण्यासाठी, म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकाच डिस्कवर लिहू नये म्हणून, क्लस्टरचे सॉफ्टवेअर पहिल्या नोडची वीज तोडायला सांगते. याला फेन्सिंग म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण पहिला नोड मेलेला नव्हता, मेमरी मोजत होता. आता त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो उठतो तेव्हा त्याच्या पोर्टचेही तेच ३० सेकंद जातात, त्यालाही शेजारी दिसत नाही आणि तो दुसऱ्याची वीज तोडतो. असे हे दोघे सकाळपर्यंत एकमेकांना पाडत बसू शकतात.

यात बिघाड कुठेच नाही. प्रत्येक यंत्र कागदावर लिहिल्याप्रमाणे वागले. फक्त कोणी किती वेळ थांबायचे याचे आकडे एकमेकांना ओळखत नव्हते.

इथले उपाय सोपे आहेत. सर्व्हर लागलेल्या पोर्टवर स्विचमध्ये एज पोर्ट किंवा पोर्टफास्ट चालू करा, म्हणजे ते ३० सेकंद जातात. दोन नोडच्या कोरोसिंकमध्ये ‘टू नोड’ लावले की ‘वेट फॉर ऑल’ आपोआप चालू होते. म्हणजे थंड सुरुवातीला (सगळे बंद पडून उठताना) दोघांनी एकमेकांना एकदा पाहिल्याशिवाय कोणीच काम सुरू करत नाही. पुष्कळ ठिकाणी ते कोणीतरी बंद केलेले सापडते, कारण ‘एकच सर्व्हर चालू केला तर काही सुरूच होत नाही’ अशी तक्रार कधीतरी आलेली असते. ते पुन्हा चालू करा. एकच नोड हाताशी असेल तेव्हा काय करायचे ते कागदावर लिहून ठेवा, पण सेटिंग मोडू नका. फेन्सिंगला एका नोडवर काही सेकंदांचा उशीर ठेवा, म्हणजे दोघांनी एकदम बंदुका काढल्या तरी एक जण उरतो. आणि परवडत असेल तर तिसरे मत आणा. त्यासाठी तिसरा मोठा सर्व्हर लागत नाही. कोपऱ्यातल्या एखाद्या साध्या संगणकावर कोरमचे मत ठेवता येते.

काठी कोणाच्या हातात आहे

थांबण्याचे हे आकडे, म्हणजे टाइमआउट, शोधायला गेलात की कळते, ते एका जागी नसतात. थरावर थर असतात आणि प्रत्येक थर बसवणारा वेगळा असतो.

लिनक्सवर सेवा सुरू करणारा सिस्टमडी. कोणी वेगळे सांगितले नसेल तर तो सेवेला ९० सेकंद देतो. तेवढ्यात ‘मी तयार’ असा निरोप आला नाही तर आधी सौम्यपणे थांबायला सांगतो, नाहीच ऐकले तर मारतो. त्याच्यावर क्लस्टर सांभाळणारा पेसमेकर असेल तर त्याचा मूळ आकडा २० सेकंद. कंटेनर चालवणारे कुबरनेटिस असेल तर जिवंतपणाची तपासणी दर १० सेकंदांनी, उत्तराला १ सेकंद, तीनदा चुकले की कंटेनर मारला. म्हणजे साधारण अर्धे मिनिट. त्याहून वर भार वाटणारा असतो, त्याचा वेगळा आकडा. अॅप्लिकेशनच्या डेटाबेस जोडणीचा वेगळा. गोदामातल्या हातातल्या स्कॅनरचा आणखी वेगळा.

नियम एकच: बाहेरच्या थराला आतल्या थरापेक्षा जास्त धीर हवा. डेटाबेसला सुरू व्हायला चार मिनिटे लागत असतील तर सिस्टमडीला सहा आणि पेसमेकरला आठ. उलटे झाले, म्हणजे आतल्याला दहा मिनिटे दिली आणि बाहेरचा वीस सेकंदांत उठून बसला, तर आतल्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. सिस्टमडीतला आकडा वाढवून काही फरक पडला नाही म्हणून हताश झालेल्यांनी वरचा थर पाहावा. बहुतेकदा काठी तिथे असते.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. सुरू होतानाची मुदत आणि चालू असतानाची मुदत या दोन निराळ्या आहेत. त्या एकाच आकड्यात बसवू नका. सुरू होताना भरपूर धीर हवा. चालू असताना धीर कमी हवा, कारण खरोखर बिघाड झाला तर दुसऱ्या नोडने लवकर काम उचलावे यासाठीच तर क्लस्टर घेतला. पुष्कळ जण एकदा हात पोळला की सगळेच आकडे एका तासावर नेऊन ठेवतात. मग डेटाबेस भर दुपारी अडकतो आणि क्लस्टर तासभर शांतपणे बघत राहतो. पेसमेकरमध्ये सुरू करणे, थांबवणे आणि तपासणे या तिन्हींचे टाइमआउट वेगवेगळे लावता येतात, ते वेगळेच लावा. कुबरनेटिसमध्ये यासाठी ‘स्टार्टअप प्रोब’ आहे. २०२०च्या अखेरीस आलेल्या १.२० या आवृत्तीपासून तो पक्का झाला. तो यशस्वी होईपर्यंत जिवंतपणाची तपासणी सुरूच होत नाही. दर १० सेकंदांनी ३० वेळा अशी मुभा दिली की ३०० सेकंद मिळतात, आणि पुढे चालू कामात अर्ध्या मिनिटाची कडक तपासणी तशीच राहते. जिवंतपणाच्या तपासणीला लांबलचक सुरुवातीचा उशीर लावून भागवण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी.

थांबवण्याच्या मुदतीकडे कोणाचे लक्ष नसते. पेसमेकरमध्ये एखादी सेवा वेळेत सुरू झाली नाही तर ती दुसरीकडे नेली जाते. वेळेत थांबली नाही तर अख्ख्या नोडची वीज तोडली जाते. मोठा डेटाबेस मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवून शहाण्यासारखा बंद व्हायला निघालेला असतो, त्याला २० सेकंद देऊन वर नोड पाडणे म्हणजे पुढच्या सुरुवातीला दुप्पट वेळ ओढवून घेणे.

आणखी एक खोच इथेच सांगतो, कारण अडीअडचणीच्या वेळी तिचाच घोटाळा होतो. पेसमेकरच्या मूळ सेटिंगमध्ये सुरू करण्याचा एक प्रयत्न फसला की तो नोड त्या सेवेसाठी बाद होतो आणि आपोआप माफी मिळत नाही. थंड सुरुवातीला स्टोरेज तयार नसताना पहिल्या नोडवर एक प्रयत्न फसतो, दुसऱ्यावर एक फसतो, दोन्ही बाद. दहा मिनिटांनी स्टोरेज ठणठणीत असते, नोड ठणठणीत असतात, सेवा मात्र कुठेच सुरू होत नाही. अशा वेळी काही दुरुस्त करायचे नसते. ‘पीसीएस रिसोर्स क्लीनअप’ हा आदेश देऊन जुनी नोंद पुसायची असते. रोजच्यासाठी ‘फेल्युअर टाइमआउट’ काही मिनिटांचा ठेवा, म्हणजे नोंद आपोआप जुनी होते.

सिस्टमडीचाही असाच एक चटका आहे. सेवा पडली की पुन्हा सुरू कर असे सांगितले असेल तर तो मध्ये जेमतेम एक दशांश सेकंद थांबतो आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की कायमचा हात झटकतो. डेटाबेस नाही म्हणून लगेच पडणारे अॅप्लिकेशन हे पाचही प्रयत्न सेकंदाभरात संपवून टाकते. पुन्हा सुरू करण्यातले अंतर १०-१५ सेकंद ठेवलेत की ही मर्यादा गाठलीच जात नाही आणि डेटाबेस येईपर्यंत ते प्रयत्न करत राहते.

आकडा कुठून आणायचा

अंदाजाने नाही. मोजून. ‘सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम’ प्रत्येक सेवेने सुरू व्हायला किती घेतले ते सांगतो. जर्नलमधल्या नोंदींत पहिल्या ओळीची आणि ‘जोडण्यांसाठी तयार’ या ओळीची वेळ पाहिली तर डेटाबेसचा खरा वेळ कळतो. बायोसचा वेळ मात्र यात पूर्ण येईलच असे नाही, तो घड्याळ लावून पाहा.

पण कोणत्या दिवसाचा वेळ मोजता हे महत्त्वाचे. नीट बंद केलेला डेटाबेस काही सेकंदांत उठतो. वीज तोडून पाडलेला डेटाबेस आधी आपली लॉग फाइल वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार पुरे करतो किंवा मागे घेतो. मारियाडीबीतल्या इनोडीबीची ही दुरुस्ती कधी मिनिटभरात होते, कधी बराच वेळ घेते. रात्री मोठा आयात-निर्यातीचा हिशेब चालू असताना वीज गेली असेल तर आणखी. फाइल सिस्टमची तपासणी, रेडची जुळवणी हेही त्याच वेळी डिस्कला भिडलेले असतात. म्हणून व्यवस्थित बंद करून घेतलेला आकडा फक्त समाधानासाठी असतो. आकडा घ्यायचा तो वाईटात वाईट सुरुवातीचा, आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट मुदत ठेवायची. वर्षाने पुन्हा मोजायचा, कारण डेटा वाढलेला असतो आणि तो आकडा कोणी वाढवलेला नसतो.

सर्वांत लहान टाइमआउट मात्र कुठल्याच फाइलमध्ये नसतो. तो माणसाचा असतो. गोदामाच्या दाराशी ट्रक लागलेले, मालक दर दोन मिनिटांनी विचारणार, ‘झालं का रे?’ पडद्यावर काही हलत नाही. मग कोणीतरी पॉवरचे बटण दाबून धरतो. डेटाबेसची दुरुस्ती ऐंशी टक्के झाली होती की दहा, त्याला काय ठाऊक. यावर उपाय तांत्रिक कमी आणि व्यवहारी जास्त आहे. कुठे काय चालले आहे ते दाखवणारे एक साधे पान एका जुन्या मॉनिटरवर कायम लावून ठेवा: स्विच आला, स्टोरेज आले, डेटाबेस दुरुस्ती चालू, साधारण इतका वेळ. माणसाला हालचाल दिसली की तो थांबतो. मालकांनाही आधीच सांगून ठेवा की पूर्ण वीज गेल्यावर काम सुरू व्हायला पंचवीस मिनिटे लागतात. त्या दिवशी सांगितले तर ते निमित्त वाटते.

झोप काढण्याचा गावठी उपाय

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप १२०’ लिहिलेले आढळले नाही असे ठिकाण विरळा. कधीतरी कोणीतरी दोन मिनिटे थांबवून पाहिले, चालले, तसेच राहिले. चांगल्या दिवशी ही दोन मिनिटे फुकट जातात आणि वाईट दिवशी पुरत नाहीत. घड्याळाची वाट पाहू नका, वस्तूची वाट पाहा. डेटाबेसला खरोखरची एक छोटी क्वेरी विचारा. उत्तर आले तर पुढे जा. नुसते पोर्ट उघडे आहे का एवढेच पाहून भागत नाही, कारण पोर्ट आधी उघडते आणि दुरुस्ती नंतर संपते असे काही सेवांत घडते.

सिस्टमडीत ‘आफ्टर’ लिहिले म्हणजे फक्त क्रम ठरतो. आधीची सेवा स्वतः तयार झाल्याचा निरोप देणारी नसेल तर तिची प्रक्रिया सुरू झाली एवढ्यावर पुढची सोडली जाते. नेटवर्कच्या बाबतीतही ‘नेटवर्क’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन’ हे दोन वेगळे टप्पे आहेत. पत्ता मिळून वाहतूक सुरू होण्याशी संबंध दुसऱ्याचा. डॉकर कम्पोजमध्येही नुसते ‘डिपेंड्स ऑन’ पुरत नाही, त्याच्याबरोबर ‘सर्व्हिस हेल्दी’ ही अट लिहावी लागते.

आणि शक्य असेल तिथे ही क्रमाची कसरतच टाळा. अॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला सांगा की डेटाबेस नसला तर पडू नकोस, थांब आणि पुन्हा विचार: आधी १ सेकंदाने, मग २, मग ४, असे अर्ध्या मिनिटापर्यंत, आणि प्रत्येक वेळी थोडे मागेपुढे, म्हणजे सगळे एकाच ठोक्याला दारावर येणार नाहीत. असे अॅप्लिकेशन कोणत्याही क्रमाने उठले तरी चालते.

क्रमात एक गाठ मात्र जरूर शोधा. आतला डीएनएस किंवा लॉगिनचा सर्व्हर त्याच क्लस्टरवरच्या आभासी मशीनमध्ये ठेवलेला असतो आणि क्लस्टरला उठायला नावे लागतात. डीएनएस क्लस्टरची वाट पाहतो, क्लस्टर डीएनएसची. रोजच्या चालू कामात ही गाठ कधीच दिसत नाही. नोडची आणि स्टोरेजची नावे-पत्ते प्रत्येक नोडच्या होस्ट फाइलमध्ये लिहून ठेवलेत की ती सुटते. घड्याळाचेही तसेच. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल तर थंड सुरुवातीला सर्व्हर कित्येक वर्षे मागे उठतो, प्रमाणपत्रे अवैध ठरतात. केर्बरॉसला तर ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. क्रोनीला सुरुवातीला एकदम उडी मारून वेळ जुळवण्याची परवानगी द्या, क्लस्टरची सेवा वेळ जुळल्यानंतर सुरू करा आणि ती बॅटरी बदला. दोन-पाचशेच्या आतली वस्तू आहे.

सगळे पडल्यावर पहिला कोण

डेटाबेसचा स्वतःचा क्लस्टर असेल तर इथे सावध. मारियाडीबीचा गॅलेरा क्लस्टर पूर्ण पडला की कोणताच नोड एकटा स्वतःहून पहिला होत नाही, आणि हे त्याचे शहाणपण आहे. सर्वांत ताजा डेटा कोणाकडे हे त्याला ठाऊक नसते. डेटाच्या फोल्डरमध्ये ‘ग्रास्टेट’ (grastate.dat) नावाची छोटी फाइल असते. नीट बंद केले असेल तर शेवटी बंद झालेल्या नोडवर ‘सेफ टू बूटस्ट्रॅप’समोर १ असतो, तिथून सुरुवात करायची. वीज तोडून पडले असतील तर सगळीकडे ० आणि क्रमांकाच्या जागी उणे १. अशा वेळी प्रत्येक नोडवर रिकव्हरीचा आदेश देऊन शेवटचा क्रमांक काढायचा आणि सर्वांत मोठा ज्याचा त्याला पहिला करायचे. घाईत फाइलमधला ० पुसून जवळच्या नोडवर १ लिहिणारे असतात. नोड उठतो, बाकीचे त्याच्याकडून डेटा घेतात आणि शेवटच्या काही मिनिटांची बिले नाहीशी होतात. मागून येणारा नोड फार मागे असेल तर त्याला अख्खा डेटा नव्याने पाठवला जातो. तो वेळ पुष्कळ मोठा असू शकतो, त्याची मुदत वेगळी धरा.

संदेशांच्या रांगा सांभाळणाऱ्या रॅबिटएमक्यूचा जुना प्रकार वेगळा. शेवटी बंद झालेला नोड आधी उठला पाहिजे. बाकीचे त्याची ३० सेकंदांच्या अंतराने १० वेळा, म्हणजे ५ मिनिटे वाट पाहतात आणि मग हार मानतात. तो शेवटचा नोड जास्त मेमरीचा, सावकाश उठणारा असेल तर ही ५ मिनिटे पुरत नाहीत. तिथे प्रयत्नांची संख्या वाढवून ठेवा.

घाईने काय होते याचे मोठे उदाहरण जगाने पाहिले आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे गिटहबचे नेटवर्क केंद्र आणि तिथलेच मुख्य डेटा सेंटर यांच्यातला संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने डेटाबेसचे प्रमुखपद दुसऱ्या किनाऱ्यावर हलवले, दोन्हीकडे एकमेकांना नसलेल्या नोंदी तयार झाल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली.

दुसरे उदाहरण २५ नोव्हेंबर २०२०चे, अॅमेझॉनच्या कायनेसिस सेवेचे. हजारो सर्व्हर पुन्हा सुरू करायचे होते, पण ते तासाला काही शे याच गतीने केले. कारण नुकता उठलेला सर्व्हर आपली आतली माहिती भरत असतो. त्याच वेळी त्याच्यावर काम टाकले तर तो मंदावतो, मंदावला म्हणून आजारी ठरवून बाहेर काढला जातो आणि सगळे मागे जाते. पहाटे सुरू झालेला हा घोळ तिथल्या रात्री दहानंतर पूर्ण निवळला.

आपल्याकडे हजारो सर्व्हर नाहीत, पण पन्नास स्कॅनर आहेत. डेटाबेस उठला रे उठला की ते सगळे साठलेल्या नोंदी घेऊन त्याच्यावर तुटून पडतात. मेमरी अजून रिकामी, प्रत्येक क्वेरी डिस्कवर जाणार. म्हणून भार वाटणाऱ्यात नव्या सर्व्हरवर काम हळूहळू वाढवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर आधी एका विभागाचे स्कॅनर चालू करा, पाच मिनिटांनी दुसऱ्याचे. हे हाताने केले तरी चालते.

वीज आली तरी

शेवटी विजेचेच. भिवंडीत पावसात वीज परत येते तेव्हा पहिल्या पाच-दहा मिनिटांत पुन्हा एकदा जाण्याची शक्यता धरूनच चालावे. रिकाम्या बॅटरीवर सर्व्हर उठायला लागले आणि दुरुस्ती अर्ध्यावर असताना परत वीज गेली तर नीट बंद करायलाही वेळ मिळत नाही. यूपीएसमध्ये बॅटरी ठरावीक टक्के भरल्याशिवाय पुढे वीज सोडू नको अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते, ती वापरा. सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ हे नुसते चालू करू नका, त्याला उशीर लावता येतो का पाहा: स्विच आणि स्टोरेज आधी, पहिला नोड आठ मिनिटांनी, दुसरा दहा मिनिटांनी. प्रॉक्समॉक्ससारख्या यंत्रणेत आभासी मशिनांनाही क्रम आणि मधले अंतर देता येते. इथे घड्याळाचा उशीर चालतो, कारण स्विच आणि स्टोरेजला विचारायला अजून कोणी उठलेलेच नसते. आणि बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपणहून नीट बंद होतील अशी जोडणी यूपीएसबरोबर केलेली नसेल, तर वर लिहिलेल्या सगळ्याआधी ती करा. नीट झोपलेला क्लस्टर उठवण्यात फार कष्ट नसतात.

हे सगळे कागदावर बरोबर आहे की नाही हे कळण्याचा एकच मार्ग आहे. मे महिन्यात, साप्ताहिक सुटीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहून आणि मालकांची लेखी परवानगी घेऊन, आधी यूपीएसमार्फत सगळे नीट बंद होते का ते पाहा. दुसऱ्या फेरीत कपाटाची वीज सरळ तोडा. दोन्ही वेळा कोण कितव्या मिनिटाला उठले ते वहीत लिहा, कोण अडकले त्याच्या लॉगची प्रत ठेवा. त्या वहीतून एक पान तयार करा: क्रम, प्रत्येकाचा नेहमीचा वेळ, त्यापलीकडे किती थांबायचे, मग कोणता आदेश द्यायचा, आणि ठळक अक्षरात कोणते बटण दाबायचे नाही. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण त्या रात्री संगणकावरची फाइल उघडणार नाही. कामवारी नदीला पूर येण्याआधी हे करून टाका. व्हेंडरच्या माणसालाही त्या दिवशी बोलवा. क्लस्टर बसवताना त्याने दाखवलेले प्रात्यक्षिक अर्धेच होते, उरलेले अर्धे त्याच्यासमोर होऊ द्या.